सोळाची फणी, चारचा ताणा

आमच्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये एक कपाट मी फक्त मास्तरांसाठी ठेवलं होतं. त्यांच्यासाठी म्हणजे त्यांनी नाकारलेल्या वस्तूंसाठी. या वस्तू तुटक्याफुटक्या नव्हत्या. बहुतेकांचं वेष्टनही फाडलेलं नव्हतं. मी चौकशी करून, तीन ठिकाणचे भाव घेऊन, नीट बघून आणलेल्या होत्या. त्यांच्यात दोष एकच होता. मास्तरांच्या मते त्या कशात तरी पुरत्या भरत नव्हत्या.

मास्तर आमच्या टॉवेल कारखान्यात डिझाइन विभागाचे प्रमुख होते. कारखाना चिंचोळी एमआयडीसीत. मी खरेदी विभागात. त्यांनी मागायचं, मी आणायचं आणि त्यांनी परत पाठवायचं, असं आमचं बरीच वर्षं चाललं. ते मला नावाने कधी हाक मारत नसत. 'ओ खरेदीसाहेब' म्हणत, आणि त्यातला 'साहेब' असा म्हणत की मीच काहीतरी चुकीचं आणलंय हे आधीच ठरलेलं असे.

त्यांचं घराणं भवानी पेठेतलं, विणकराचं. घरात तेलुगू, कारखान्यात सोलापुरी मराठी. खिशात पेन नसे, पण कापडातले तार मोजायचं घडीचं पितळी भिंग कायम असे. नव्या माणसाची ओळख करून दिली की ते त्याचा हात हातात घेत. त्याला वाटे हस्तांदोलन आहे. मास्तर त्याच्या शर्टाच्या कफावर भिंग टेकवून तार मोजायला लागलेले असत. मी कामाला लागलो त्या दिवशी त्यांनी माझाही कफ मोजला आणि म्हणाले, "दुकानदारानं फसवलाय तुमाला. आणि तुमी खरेदी बघणार व्हय आमची?"

बाकीच्या गोष्टी कळाव्यात म्हणून एक गोष्ट सांगून ठेवतो. मागावर ताण्याचे उभे तार एका फणीतून ओवून घेतात. कंगव्यासारखीच फणी, फक्त दोन्ही काठांनी बंद. तिच्या एखाद्या फटीत तार ओवायचा राहिला, तर कापडात वरपासून खालपर्यंत एक विरळ रेघ पडते. तो माल मग दुय्यम. म्हणून विणकर रिकामी फट सहन करत नाही. इथपर्यंत मला पूर्ण मान्य आहे. मास्तरांची गाडी मात्र त्यापुढे जायची. फणी सोडून जगात जिथे जिथे म्हणून फट असेल, तिथे तिथे ती भरलेलीच पाहिजे, असा त्यांचा नियम होता. "फट रिकामी, माल खोटा," हे त्यांचं वाक्य. दिवसातून किती वेळा म्हणायचे ते मी मोजलं नाही, कारण मला दुसरी कामं होती.

मोबाइलच्या चार्जरला दोन पिना असतात आणि भिंतीवरच्या सॉकेटला तिसरं भोकही असतं. मास्तर म्हणाले, तिसरं भोक रिकामं राहतंय, असा फोन मी चार्ज करणार न्हाय. मी समजावलं की तिसरं भोक अर्थिंगचं, या चार्जरला त्याची गरज नाही. "गरज न्हाय तर केलंय कशाला?" यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते ऐकायला मास्तर थांबले नाहीत. कित्येक दिवस त्यांचा फोन बंद. मालक त्यांना शोधायला मला पाठवत. शेवटी मी तीन पिनांचा चार्जर शोधून आणला. तिसरी पिन प्लास्टिकची होती, आत काहीच जोडलेलं नव्हतं. मास्तरांनी भिंगाने बघितलं आणि खूश झाले. मी कपाळाला हात लावला.

त्यांचा डबा चार पुडांचा. घरून पदार्थ तीनच आले तर चौथ्यात शेंगांची चटणी ठासून भरलेली असे, वरपर्यंत, झाकण लागत नसे इतकी. ती संपवायची जबाबदारी आमच्यावर. कंपनीच्या बसमध्ये शेजारची सीट रिकामी राहिली की ते अस्वस्थ होत आणि मागून कोणाला तरी हाक मारून बसवून घेत. मी अनेकदा असा बसवून घेतला गेलो आहे. खिडकीची जागा सोडून जावं लागे आणि शहर येईपर्यंत एकच गोष्ट ऐकावी लागे.

ती गोष्ट अशी. मास्तर तरुण असताना वडिलांच्या मागावर त्यांच्याकडून फणीतली एक फट ओवायची राहिली, कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि व्यापाऱ्याने सगळा माल तोंडावर फेकला. वडिलांनी फणी उतरवून मास्तरांच्या मांडीवर ठेवली आणि ते जेवायला गेले. गोष्ट खरी असावी. पण मला ती अनेकदा सांगितली गेली आणि दर वेळी माल वेगळा होता. कधी चादरी, कधी टॉवेल, एकदा तर पडदे. मी एकदा विचारलं, "मास्तर, नक्की काय होतं?" ते चिडले. "तुमाला माल मोजायचाय. मी फट सांगालोय."

हे सगळं मी हसून सहन करत आलो होतो असं कोणी समजू नये. मी हसत नव्हतो. खरेदी विभागातल्या माणसाला वस्तू परत करणं फार त्रासाचं असतं. दुकानदार तोंड वाकडं करतो, मालक कारण विचारतात, आणि 'तिसरं भोक रिकामं राहतंय' हे कारण लेखी देता येत नाही.

आता ग्राफिक्स कार्डाचं प्रकरण.

डिझाइनच्या खोलीत मास्तरांच्या हाताखाली सुजाता होती. पंधरा-सोळा वर्षं त्यांच्याबरोबर काम केलेली, मास्तरांचं डोकं आणि कॉम्प्युटर दोन्ही सांभाळणारी. खोलीतला कॉम्प्युटर जुना होता. तो बदलता येत नव्हता, कारण त्याच्या मदरबोर्डावर जुन्या पद्धतीचा एक आखूड पांढरा स्लॉट होता आणि त्यात आमच्या नक्षी विणणाऱ्या जॅकार्ड मागाचं कार्ड बसलेलं होतं. डिझाइन मागाकडे जायचं ते या कार्डातून. नव्या मदरबोर्डांना तसला स्लॉट येत नाही, आणि मागाचं नवं कंट्रोल घ्यायचं तर माग अर्धा बदलावा लागला असता. म्हणजे मदरबोर्ड तोच ठेवायचा, हे ठरलेलं.

एक दिवस त्याचं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरचं चित्र तयार करणारं कार्ड, गेलं. कारण साधं होतं, पंख्यात कापसाचं तूस भरून तो अडकला होता. आमच्याकडे सगळ्याच गोष्टींत तूस भरतं. कॉम्प्युटर मदरबोर्डावरच्या मूळच्या ग्राफिक्सवर चालू राहिला, साधं काम होत राहिलं. पण टॉवेल विणून झाल्यावर कसा दिसेल, त्याच्या अंगावरचे धाग्याचे फंदे किती उंच, काठ कसा पडेल, हे दाखवणारा प्रोग्रॅम त्यावर चालेना.

नेमकं त्याच वेळी एका परदेशी हॉटेलवाल्यांची मोठी ऑर्डर येऊ घातली होती. त्यांची बाई व्हिडिओ कॉलवर बसून, समोरच्या समोर रंग आणि काठ बदलून बघणार होती. मालक खोलीत आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "मास्तर, कॉलच्या दिवशी हे चाललं पाहिजे. नाही चाललं तर मी डिझाइन बाहेरच्या स्टुडिओत देतो. मला ही खोली कशाला ठेवायची मग? तुमचं निवृत्तीला वर्षभरच राहिलंय. सुजाताला पॅकिंगला घेऊ."

मालक गेल्यावर सुजाता म्हणाली, "मास्तर, मला पॅकिंगला न्हाय जायचं." एवढंच. मास्तर तिच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ओ खरेदीसाहेब, कार्ड आणा."

मी कामाला लागलो. मला कॉम्प्युटरचं शिक्षण नाही, पण गुणाकार येतो, आणि हा विषय पुष्कळसा गुणाकाराचाच निघाला. ग्राफिक्स कार्ड ज्या लांब स्लॉटमध्ये बसतं, त्यात सोळा लेन असतात, म्हणजे माहिती जायच्या-यायच्या सोळा वाटा. स्लॉटच्या प्रत्येक नव्या पिढीत एका वाटेचा वेग साधारण दुप्पट होतो. जुन्या स्लॉटमध्ये नवं कार्ड बसतं, चालतंही. फक्त दोघांतला जो हळू, त्याच्या वेगाने.

आमच्या कॉम्प्युटरच्या पेटीत जागा कमी, विजेचा पुरवठा बेताचा. त्याला झेपेल असं एकच नवं कार्ड मला मिळालं. बारीक, एकाच स्लॉटची जागा घेणारं, विजेची वेगळी वायर न मागणारं. त्याला लेन मात्र चारच. दुकानदार म्हणाला, नव्या बोर्डावर चार लेन पुरतात, कारण तिथे वेग जास्त. तुमच्या बोर्डावर वेग निम्मा पडेल. मी हिशेब केला. पूर्ण सोळा लेनच्या तुलनेत आमच्या स्लॉटमध्ये चौथा हिस्सा. पण नुकसान किती जाणवणार, ते कामात किती माहिती सारखी ये-जा करते त्यावर अवलंबून. प्रोग्रॅमवाल्यांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, तुमच्या टॉवेलाला एवढं बास आहे. मी कार्ड घेतलं.

आणि मास्तरांना हे सगळं, चौथ्या हिश्शासकट, सांगितलं. मला लपवता येत नाही.

मास्तरांनी कार्ड हातात घेतलं, भिंग काढलं आणि त्याच्या खालच्या काठावरच्या सोनेरी पट्ट्या मोजायला लागले. पट्ट्या एका टोकापासून थोड्या अंतरापर्यंतच होत्या. पुढचा सगळा काठ कोरा.

"हे काय आणलाव?"

"ग्राफिक्स कार्ड."

"स्लॉट केवढा हाय?"

"सोळाचा."

"आणि हे?"

"चारचं. पण मास्तर, मी सांगितलं ना..."

"सोळाची फणी आणि चारचा ताणा! बारा फटी रिकाम्या!" मास्तर खुर्चीतून उठले. "आणि ते चार बी सगळे एका कडेला! अहो, ताणा कमी पन्ह्याचा असला तर फणीच्या मधोमध घेतात की. दोन्ही बाजूला सारखं सोडून. हे एका कडेला ओढलंय. कापड वाकडं येणार का न्हाय?"

"कापड येणार नाही, मास्तर. चित्र येणार."

"मग चित्र वाकडं येणार."

मी त्यांना सांगितलं की कार्डाच्या काठाला खाच आहे, ते स्लॉटच्या मधोमध बसवायचं म्हटलं तरी बसणार नाही. कागदावर गुणाकार करून दाखवला. सुजाता म्हणाली, "मास्तर, बसवून तर बघू की. न्हाय चाललं तर काढू." मास्तर म्हणाले, "चालंल. चाललं की मग काढवत न्हाय. खोटं काम असंच घुसतंय." कार्ड माझ्या कपाटात गेलं.

दोन दिवसांनी मास्तर स्वतःच विजयी चेहऱ्याने आले. ओळखीतल्या कोणाकडे तरी एक जुनं कार्ड होतं. जाडजूड, दोन पंख्यांचं, पाटीएवढं. पण काठ टोकापासून टोकापर्यंत सोनेरी. पूर्ण सोळा. त्याला विजेची वेगळी वायर लागत होती, म्हणून मला नवा वीजपुरवठा, म्हणजे पेटीतला पॉवर सप्लाय, घ्यावा लागला. पेटीत बसेना, म्हणून आतली एक पट्टी कापावी लागली. पट्टी कापायला वर्कशॉपचा माणूस आणावा लागला. मास्तर मध्ये मध्ये म्हणत होते, "हळू. हळू. माल चांगला हाय."

मग बसवताना अडचण आली. वरच्या लांब स्लॉटमध्ये ते ठेवलं की त्याची जाडी शेजारच्या पांढऱ्या स्लॉटवर येत होती, आणि तिथे मागाचं कार्ड. ते काढलं तर डिझाइन मागाकडे जाणार कसं? मी म्हणालो, "बघा, म्हणूनच मी बारीक आणलं होतं."

मास्तरांनी मान खाली घालून पेटीत बघितलं. खाली आणखी एक लांब स्लॉट होता. वरच्याएवढाच लांब. त्यांनी बोटांनी मापून बघितला. "हितं बसवा. आणि बघा, पेटीच्या कसं मधोमध येतंय." कार्ड तिथे बसलं. काठ पूर्ण आत गेला, खटका लागला. मास्तर समाधानाने मागे टेकले. "ह्याला म्हणतेत भरलेली फणी."

सुजाताने प्रोग्रॅम सुरू केला. टॉवेल पडद्यावर आला. तिने काठाचा रंग निळ्याचा हिरवा केला. मग आम्ही तिघं थांबलो. वरून एक पट्टी हिरवी झाली. थोड्या वेळाने खालची. मग त्याखालची. तूस झटकलेला माग पहिल्यांदा चालू केल्यावर जसा आचके देतो, तसं चाललं होतं. फंद्यांची उंची बदलली तेव्हा तर सुजाता उठून पाणी पिऊन आली आणि टॉवेल अजून अर्धाच होता.

"परदेशातली बाई एवढा वेळ बसणार न्हाय," सुजाता म्हणाली.

मास्तर माझ्याकडे वळले. "खरेदीसाहेब, वीजपुरवठा कसला आणलाव?"

या ठिकाणी माझा संयम संपला. मी म्हणालो, "मास्तर, कार्ड तुमचं, स्लॉट तुमचा, मधोमध तुमचं. माझा फक्त वीजपुरवठा आहे आणि तो चालू आहे, म्हणूनच पंखे फिरतायत." मग मी दुकानदाराला फोन केला. त्याने एक छोटा प्रोग्रॅम टाकायला सांगितला. कार्ड किती लेनवर आणि कोणत्या वेगाने चाललंय ते त्यात दिसतं. सुजाताने तो टाकला. मी आकडे वाचले, पुन्हा वाचले, आणि मग मास्तरांना जवळ बोलावलं.

सोळाचं कार्ड चारच लेनवर चाललं होतं. आणि तो खालचा स्लॉट वरच्यापेक्षा एक पिढी जुन्या वेगाचा होता. म्हणजे वरच्या स्लॉटात माझं चारचं कार्ड जितकं धावलं असतं, त्याच्या निम्म्याने हे सोळाचं धावत होतं.

"कसं शक्य हाय? कार्ड सोळाचं. स्लॉट सोळाचा."

"स्लॉट सोळाएवढा लांब आहे, मास्तर. आत वायरिंग चारचंच आहे. पुष्कळ बोर्डांत असतं असं म्हणतो तो."

मास्तरांनी कार्ड काढायला लावलं. टॉर्च मागितली. भिंग घेऊन त्यांनी त्या स्लॉटमध्ये बघितलं. एका टोकाला थोड्या अंतरापर्यंत धातूचे दात होते. पुढे नुसती प्लास्टिकची खोबण, आत काही नाही. मग तेलुगूत काहीतरी म्हणाले, जे सुजातानेही त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

"खोटी फणी," ते मराठीत म्हणाले. "फट दाखवायची आणि दात न्हाय द्यायचा. रिकामी फट परवडली. ही फट बी न्हाय. हे कुणी केलंय?"

"कंपनीने."

"कुठल्या?"

"त्याने काय होणार आहे, मास्तर? उद्या सकाळी कॉल आहे."

मी स्टोअरमध्ये जाऊन बारीक कार्ड घेऊन आलो आणि टेबलावर ठेवलं. मी म्हणालो की वरच्या स्लॉटला सगळे दात आहेत, त्यात चार वापरले जातील, बारा मोकळे राहतील, आणि मोकळ्यांमुळे काही बिघडणार नाही. चार तार सोळाच्या फणीत ओवले तरी चार तार चार तारांसारखेच वागतात. मी म्हणालो की हे मी मनाने सांगत नाही, आकडे तुमच्यासमोर आहेत. मी बरंच बोललो. मास्तर ऐकत नव्हते. ते सुजाताकडे बघत होते, आणि सुजाता कीबोर्डवरचं तूस बोटाने काढत बसली होती.

"पोरी, पॅकिंगमधी उभं राहून काम असतंय न्हवं?"

"व्हय मास्तर. दिवसभर."

मास्तर उठले. भिंग मिटून खिशात ठेवलं. "मला पटलेलं न्हाय," ते मला म्हणाले. "लिहून घ्या हवं तर. बसवा." आणि आम्ही कार्ड बसवेपर्यंत बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. त्यांना ते बघायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कॉल झाला. मालक शेजारी इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. पलीकडच्या बाईंनी काठ रुंद करायला सांगितला, सुजाताने केला. टॉवेल लगेच बदलला. निळा जरा राखाडी करा. झाला. फंदे उंच, फंदे बुटके, कोपऱ्यातली वेल उलटी. सगळं त्यांचं वाक्य पुरं होईस्तोवर पडद्यावर तयार. कुठे अडखळलं नाही. मी मागे उभा राहून श्वास सोडला.

तेवढ्यात मास्तर पुढे झाले आणि पडद्यावर भिंग लावून काठ तपासायला लागले. डावीकडून उजवीकडे, तार तार. कॅमेऱ्यासमोर अख्खा त्यांचा कान. मी हळूच म्हणालो, "मास्तर, काय करताय?"

"रेघ बघालोय. बारा फटीची रेघ कुटंतरी असणार."

पलीकडून बाईंनी मालकांना विचारलं की हे गृहस्थ काय करतायत. मालक घाम पुसत म्हणाले की हे आमचे मुख्य डिझाइनर, काहीही बाहेर जाण्याआधी ते असं स्वतः तपासतात. बाई म्हणाल्या, "वंडरफुल," आणि त्यांना वेळ द्या म्हणाल्या. सगळा कॉल थांबला. मास्तरांनी सावकाश दोन्ही काठ तपासले, रेघ सापडली नाही म्हणून वेलसुद्धा तपासली. मग नाराज होऊन मागे सरले. त्याच बैठकीत ऑर्डर पक्की झाली.

मालक उठताना म्हणाले, "मास्तर, खोलीचं ते विसरा आता. सुजाता, तू इथेच." आणि मला म्हणाले, चांगलं कार्ड आणलंत. मला हे सांगायला संकोच वाटत नाही, कारण ते खरं होतं.

मालक गेल्यावर मास्तरांनी दार लावून घेतलं. "खोली राहिली न्हवं?"

"राहिली."

"पक्की?"

"तुमच्यासमोर म्हणाले की."

"मग ते काढा आता."

मला आधी कळलंच नाही. "काय काढा?"

"तुमचं ते चारचं. काम झालं न्हवं?"

"मास्तर, काम आज सुरू झालंय! ही ऑर्डर पुरी करायचीय. ते काढलं तर सुजाता काम कशावर करणार?"

"ते तुमी बघा की. खरेदी तुमच्याकडं हाय."

सुजाता तोंडावर ओढणी धरून हसत होती. मी हसलो नाही. मी कार्ड काढलंही नाही. मास्तरांना मी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सरळ 'नाही' म्हणालो, आणि त्यांनीही ते ऐकून घेतलं. पण त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत ते त्या कॉम्प्युटरसमोर बसले नाहीत. खिडकीकडे एक टेबल ओढून घेतलं, माझ्याकडून चौकटींचा ग्राफ पेपर मागवला आणि पूर्वी करत तसं पेन्सिलीने एकेक चौकट भरत डिझाइन काढायला लागले. काढून झालं की कागद मागे न बघता खांद्यावरून सुजाताकडे देत. ती ते कॉम्प्युटरवर चढवी. दुप्पट काम. त्यातली दोन डिझाइन आजही आमची सगळ्यात जास्त खपणारी आहेत. हे मला नाइलाजाने नोंदवावं लागतंय.

आता त्या खोलीची प्रमुख सुजाता आहे. कार्ड तेच आहे, त्याच्या पंख्यातलं तूस मी दर महिन्याला काढायला लावतो. मास्तर घरी असतात, आणि मधूनच, साधारण माझी जेवायची वेळ बघून, फोन करतात. तब्येत विचारत नाहीत, घरचं विचारत नाहीत.

"काढलाव काय?"

"नाही, मास्तर. चांगलं चाललंय."

"चालंना का," म्हणतात, आणि फोन ठेवून देतात.